हळद, औषध आणि दुसरी साक्ष

माघ सरून फाल्गुन लागला म्हणजे हिंगोलीहून वसमतेकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुतर्फा हळद शिजूं लागते. जमिनींतून काढलेले ओले कंद शिजवावयाचे, खळ्यावर दहा-पंधरा दिवस उन्हांत वाळवावयाचे आणि मग फिरत्या पिंपांत घालून घांसावयाचे, असा हा क्रम आहे. नऊ महिने जमिनींत काढलेल्या या पिकाचें वजन वाळल्यावर सुमारें पांचवा हिस्सा उरतें. शिजविल्यानें कंदांतील पिष्ट फुगून एकजीव होतें, रंग सर्वत्र सारखा पसरतो, कच्चा दर्प जातो आणि वाळण्यास वेळ कमी लागतो. पूर्वीं हें काम मोठ्या कढयांत होई. आतां पुष्कळ ठिकाणीं वाफेचीं यंत्रें आलीं आहेत. असा हा आमचा हळदीचा जिल्हा. म्हणून मागें एका फाल्गुनांत याच सदरांत आम्हीं हळदीवर एक लेख लिहिला, आणि तो आवडल्याचीं पत्रेंही वाचकांकडून आलीं. त्या लेखापायीं आमच्या घरांत काय घडलें, तें आज सांगणें आम्हांस प्राप्त आहे.

त्या लेखांत हळदीच्या पेटंटाची हकीकत होती. १९९५ सालीं अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास, जखम भरून येण्यासाठीं हळद वापरण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळालें. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालीं, त्यास हरकत घेतली. जुने ग्रंथ व शोधनिबंध मिळून ३२ पुरावे पुढें मांडले. आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. गोष्ट अभिमानाची, आणि आम्हीं ती अभिमानानेंच लिहिली. शेवटीं एक वाक्य असें घातलें कीं, आजीच्या हातचें हळदीचें दूध अखेर सातासमुद्रांपलीकडील न्यायासनासमोरही खरें ठरलें. वाक्य कानास गोड लागलें, म्हणून ठेविलें.

आमच्या थोरल्या काकू ७४ वर्षांच्या आहेत. घरांत लहानमोठीं मिळून ११ माणसें. स्वयंपाकघराचा कारभार आतां सुनांकडे गेला असला, तरी लोणच्याचें मीठ अजून काकूंच्याच हातचें पडतें. गेलीं ९ वर्षें त्या रक्तदाबाची एक गोळी रोज सकाळीं घेत. आमचा लेख त्यांनीं कापून देवघराच्या फडताळांत जपून ठेविला होता. पुढें कुणा नातेवाइकानें त्यांच्या भ्रमणध्वनीवर एक ध्वनिफीत पाठविली. हळद व मिरे घातलेलें दूध २१ दिवस घेतल्यास रक्तदाब मुळापासून जातो, असें तींत वैद्य म्हणविणारे कोणी गृहस्थ सांगत होते. एका बाजूस ही ध्वनिफीत, दुसऱ्या बाजूस घरच्याच लेखकाचा छापील लेख. काकूंनीं गोळी बंद केली. कोणास सांगितलें नाहीं. दूध मात्र नेमानें घेत राहिल्या.

गेल्या पौषांत एके दिवशीं सकाळीं तें दुधाचें भांडें त्यांच्या उजव्या हातांतून गळून पडलें. धाकटी सून धांवली, तों काकूंचे ओंठ एका बाजूस ओढले गेलेले, आणि बोलावयास जावें तों शब्द जड. पंचवीस मिनिटांत सर्व पूर्ववत् झालें. "पित्त झालं असेल, घाबरूं नका," असें म्हणून त्या उठूं लागल्या, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही तें पटूं लागलें होतें. परंतु आमची पुतणी, जी नांदेडास विज्ञान शाखेंत शिकते, ती सुटीवर घरीं आलेली होती. तिनें कोणाचें ऐकलें नाहीं. तत्काळ मोटार काढावयास लाविली. नांदेडच्या रुग्णालयांत रक्तदाब भरला २०६ वर ११२. मेंदूचें चित्र काढलें. सुदैवानें त्यांत इजा दिसली नाहीं. डॉक्टरांनीं सांगितलें कीं, मेंदूच्या रक्तवाहिनींत क्षणभर अडथळा आला आणि सुटला. ही पक्षाघाताची पूर्वसूचना होय. अशा सूचनेनंतर पहिल्या थोड्या दिवसांतच खरा आघात होण्याचा धोका सर्वांत अधिक असतो, म्हणून आपोआप बरें वाटलें तरी घरीं बसून राहूं नये. मग त्यांनीं विचारलें, रक्तदाबाची गोळी चालू आहे ना? काकू गप्प राहिल्या. घरीं दूरध्वनी करून डब्यांतील गोळ्या मोजविल्या, तों ४१ अधिक निघाल्या.

सायंकाळीं आम्ही खाटेजवळ बसलों असतां काकू हळूच म्हणाल्या, "अरे, तूंच तर लिहिलंस मासिकांत. मीं काय माझ्या मनानं केलं?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

घरीं परतल्यावर तो लेख पुनः वाचला. खोटें विधान शोधूं गेलों, तर एकही तारीख चुकलेली नव्हती. चूक होती ती त्या गोड वाक्यांत. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयापुढें, हळद गुणकारी आहे काय, हा प्रश्नच नव्हता. ही कल्पना नवी आहे काय, एवढाच प्रश्न होता. ती पुरातन आहे असें आपण सिद्ध केलें, म्हणून पेटंट गेलें. एखादी गोष्ट जुनी असणें आणि ती खरी असणें, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. शिवाय जखम भरून येण्याचा आणि रक्तदाबाचा संबंध काय? आम्हीं अभिमानाच्या भरांत एका खटल्याचा निकाल दुसऱ्याच खटल्याच्या कागदावर लिहून टाकला, आणि काकूंनीं तो प्रमाण मानला. ज्या घरांत छापील अक्षरास मान आहे, त्या घरांत लिहिणाराची जबाबदारी दुप्पट होते, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

दुसरी गोष्ट याहून विचार करण्यासारखी आहे. काकू म्हणाल्या, "दूध घेऊं लागल्यापासून मला बरं वाटत होतं. सकाळची चक्कर गेली होती." हें त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. ती चक्कर गोळीनें येत होती. अंथरुणावरून एकदम उठतांना दाब अधिक उतरे आणि डोळ्यांपुढें अंधारी येई. गोळी थांबली, चक्कर थांबली. त्याच वेळीं दाब वर चढत होता. परंतु वाढलेला रक्तदाब बहुधा कळून येत नाहीं. ना दुखतें, ना खुपतें. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ वर्षांवरील स्त्रियांपैकीं २१ टक्के व पुरुषांपैकीं २४ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा तो आटोक्यांत ठेवण्यासाठीं ते औषध घेत होते. म्हणजे आमच्याएवढ्या घरांत असें एखाददुसरें माणूस असावयाचेंच, आणि तें हसतखेळत असावयाचें. देहास बरें वाटलें तें खरें. त्याचें श्रेय मात्र भलत्यासच मिळालें. एका माणसाचा एक अनुभव इतका प्रामाणिक असूनही इतका फसवा असूं शकतो.

यावर शास्त्राची तोड कोणती, तें समजावून देण्यास आमच्या जिल्ह्यांतच एक उत्तम उदाहरण उभें राहत आहे. औंढा नागनाथाजवळ दुधाळा गांवच्या शिवारांत 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा व्हावयाची आहे. २०१६ सालीं केंद्र सरकारनें तिला तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्यें २६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला, आणि ११ मे २०२३ रोजीं पंतप्रधानांच्या हस्तें तिची कोनशिला बसली. काटकोनांत ठेविलेल्या, प्रत्येकीं ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या आणि त्यांत जाऊन-येऊन धांवणारा लेसर-किरण, असें या यंत्राचें स्वरूप आहे. दूर अंतराळांत दोन कृष्णविवरें एकमेकांवर आदळलीं म्हणजे अवकाशच किंचित् ताणलें व आंखडलें जातें. त्यानें या नळ्यांच्या लांबींत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान असतो.

इतका सूक्ष्म कान असला म्हणजे त्यास नको तेंही ऐकूं येणार. जवळून मालमोटार गेली, वारा सुटला, दूर कोठें समुद्र खवळला, तरी आरसे हालतात. म्हणून या शास्त्रज्ञांचा नेम असा कीं, एकाच ठिकाणीं ऐकलेलें प्रमाण मानावयाचें नाहीं. अमेरिकेंत अशीं दोन केंद्रें आहेत, लिव्हिंग्स्टन व हॅनफर्ड. दोहोंत सुमारें ३००० किलोमीटरांचें अंतर. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं एक लहर प्रथम लिव्हिंग्स्टन येथें आली आणि सुमारें ७ सहस्रांश सेकंदांनीं तीच, त्याच घाटाची लहर हॅनफर्ड येथें उमटली. तरीही लगेच डंका पिटला नाहीं. कांहीं महिने तपासणी चालली आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजीं शोध जाहीर झाला. गोंगाटांतून असा क्षीण स्वर निवडून काढण्याचें जें गणित आहे, त्यांत पुण्याच्या 'आयुका' संस्थेंतील संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. इटलींत व जपानांतही अशीं केंद्रें आहेत. औंढ्याचें केंद्र त्यांस मिळालें म्हणजे लहर आकाशाच्या कोणत्या भागांतून आली हें अधिक नेमकें सांगतां येईल.

हें तत्त्व कांहीं परकें नाहीं. १० जुलै २०२४ रोजीं सकाळीं आमच्या जिल्ह्यांत भूकंपाचा धक्का बसला. त्याची तीव्रता ४.५ होती. फळीवरचीं भांडीं वाजलीं, तेव्हां आमच्या घरांतील प्रत्येकानें प्रथम काय केलें? बाहेर येऊन शेजाऱ्यास विचारलें, "तुमच्याकडेही हाललें काय?" आपल्यालाच भोवळ आली नाहीं ना, याची ही खातरजमा. भुईच्या बाबतींत आपण जी दुसरी साक्ष आपोआप मागतों, ती औषधाच्या बाबतींत मागत नाहीं. तेथें अमक्याच्या मेव्हण्यास गुण आला, एवढें आपणांस पुरतें.

यावर आमच्या कांहीं वाचकभगिनी विचारतील, मग आजीबाईचा बटवा उकिरड्यावर टाकावयाचा काय? मुळींच नाहीं, त्यास साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभा करावयाचा. आणि याचें उदाहरण रक्तदाबाचेंच आहे, हा मोठा योग होय. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पुरातन काळापासून वापरांत होती. १९३१ सालीं गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं तिच्यानें रक्तदाब उतरतो असें लिहिलें. पुढें मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं ५० रुग्णांस ती देऊन, प्रत्येकाच्या दाबाची नोंद ठेवून, आपले निष्कर्ष १९४९ सालीं 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकांत प्रसिद्ध केले. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील रसायनशास्त्रज्ञांनीं त्या मुळींतून रेसर्पीन हें द्रव्य वेगळें काढलें, आणि जगभर तें दिलें जाऊं लागलें. १९५७ सालीं डॉ. वकील यांस अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें. परंतु गोष्ट येथें संपत नाहीं. मोठ्या मात्रेनें कांहीं रुग्णांच्या मनास खिन्नता येते असें दिसून आलें, याहून सोयीचीं औषधें निघालीं, आणि रेसर्पीन मागें पडलें. मुळी खरी ठरली, आणि तिचा दोषही त्याच तपासणींत उघड झाला. ज्या विद्येचा आपण अभिमान बाळगतों तिचा खरा सन्मान आम्हांस डॉ. वकिलांच्या त्या नोंदींत दिसतो.

हळदीची साक्ष याहून निराळी आहे. तिच्यांतील पिवळें द्रव्य, कर्क्युमिन, १८१५ सालींच वेगळें काढण्यांत आलें. वाळल्या हळदींत तें शेंकडा तीनच्या आसपास असतें, आणि पोटांत गेलेलें बहुतेक रक्तांत न मिसळतांच निघून जातें. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयांत झालेल्या व १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, मिऱ्यांतील पिपरीन जोडीस दिल्यास माणसाच्या रक्तांत उतरणारें कर्क्युमिन सुमारें वीसपट वाढतें असें आढळलें. म्हणजे त्या ध्वनिफितींतील मिरे अगदींच हवेंतून आले नव्हते. परंतु रक्तांत उतरणें निराळें आणि रोग उतरणें निराळें. २०१७ सालीं अमेरिकेंतील रसायनशास्त्रज्ञांनीं कर्क्युमिनवरील संशोधनाचा समग्र आढावा घेतला. घेणारास व देणारास दोघांसही औषध कोणतें हें ठाऊक नसतें अशा कसोशीच्या चाचण्यांत तें यशस्वी ठरल्याचें त्यांस आढळलें नाहीं. उलट हळदीच्या तीव्र मात्रेच्या गोळ्या, विशेषतः मिऱ्याच्या अर्कासह, घेणाऱ्या कांहीं माणसांच्या यकृतास इजा झाल्याचीं उदाहरणें अमेरिकेंत २०२२ सालीं नोंदलीं गेलीं. फोडणींतील चिमूटभर हळदीस हें भय लागू नाहीं. मात्र रक्त पातळ ठेवणारें औषध ज्यांस चालू आहे, त्यांनीं अशा गोळ्या डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नयेत.

आतां यंत्राविषयीं थोडें. दंडास पट्टा बांधून दाब मोजण्याची युक्ति इटालियन वैद्य रिव्हा-रोची यांनीं १८९६ सालीं काढली. पट्ट्याखालीं नाडीचे ध्वनि ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आंकडे ठरविण्याची रीत रशियन शल्यवैद्य कोरोत्कॉफ यांनीं १९०५ सालीं दाखविली. घरगुती विजेचें यंत्र कानाऐवजीं पट्ट्यांतील स्पंदनें टिपतें. आम्हीं असें एक यंत्र आणिलें. परंतु नुसतें आणून भागत नाहीं, हें पहिल्याच आठवड्यांत कळलें. बाहेरून आलें कीं दंड पुढें करावयाचा आणि आंकडा वाढला कीं घाबरावयाचें, असा घरांत खेळ सुरू झाला. म्हणून डॉक्टरांनीं घालून दिलेला नेम येथें देतों. अर्धा तास आधीं चहा, तंबाखू किंवा श्रम नको. पांच मिनिटें स्वस्थ, पाठ टेंकून, पाय जमिनीवर ठेवून बसावें. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, पोलक्याच्या अस्तनीवर नव्हे. दंड छातीच्या पातळीस टेंकलेला असावा. मोजतांना बोलूं नये. एका मिनिटाच्या अंतरानें दोनदा मोजावें, सकाळीं व सायंकाळीं, आणि दोन्ही आंकडे वहींत लिहावे. दोनदा कां, हें औंढ्याच्या उदाहरणावरून वाचकांस सांगावयास नको. आणि आंकडे चांगले आले म्हणून गोळी आपण होऊन बंद करूं नये. ते चांगले आले आहेत ते बहुधा गोळीमुळेंच.

याच यंत्रानें आमच्या एका दुसऱ्या चुकीकडे लक्ष वेधलें, आणि ती सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. रुग्णालयांत काकूंनीं चक्करेचें सांगतांच डॉक्टरांनीं गोळी बदलली, घेण्याची वेळही बदलली. पंधरा दिवसांत चक्कर नाहींशी झाली व दाबही खालीं आला. इतकें सोपें होतें. मग त्यांनीं हें आधीं कोणास सांगितलें नाहीं काय? सांगितलें होतें. एकदां आपल्या मुलास, आणि एकदां दिवाळींत आम्हांस. आम्ही त्या वेळीं वर्तमानपत्र वाचीत होतों, आणि "वयोमानानें होतें तसें, काकू," असें म्हणून पान उलटलें होतें. एकत्र कुटुंबाचें सुख असें कीं दुखण्यांत धांवून येण्यास दहा माणसें असतात. आणि त्याचा दोष असा कीं ऐकून घेण्याचें काम त्या दहांतील प्रत्येकास दुसऱ्याचें वाटतें. ज्या ध्वनिफितीवर आम्हीं मागाहून इतके तोंडसुख घेतलें, तींतील गृहस्थानें निदान काकूंच्या चक्करेचा उल्लेख तरी केला होता. घरांतल्या कुणी तोही केला नव्हता. आमची खात्री आहे कीं, पुष्कळ घरांतील म्हाताऱ्या माणसांच्या हातून औषध सुटतें तें अज्ञानानें नव्हे, तर त्या औषधाचा त्रास ऐकून घेण्यास कुणास सवड नसते म्हणून.

सध्यां आमच्या घरीं सकाळीं ७ वाजतां पुतण्याच्या धाकट्या मुलानें वही घेऊन काकूंजवळ बसावयाचें असें ठरलें आहे. आंकडे दोन आणि प्रश्न एक: "आज कसं वाटतंय?" त्याचें उत्तरही आंकड्यांखालीं लिहावयाचें. गेल्या महिन्याची वही डॉक्टरांनीं पाहिली, तेव्हां आंकड्यांपेक्षां त्या उत्तरांकडेच त्यांनीं अधिक वेळ लक्ष दिलें. हळदीचें दूध काकू अजून घेतात; घसा बसला म्हणजे आम्हीही घेतों, आणि तें आवडतें म्हणून घेतों. त्या जुन्या लेखाचें कात्रण मात्र आम्हीं देवघरांतून काढून घेतलें आहे.

हा लेख छापण्यास धाडण्यापूर्वीं काकूंस वाचून दाखविला. त्यांनीं शेवटपर्यंत ऐकला आणि एवढेंच सांगितलें कीं, चक्करेचें त्यांनीं दोनदा नव्हे, तीनदा सांगितलें होतें. तिसऱ्या वेळीं संक्रांतीच्या तिळगुळाची गडबड चालली होती, आणि तेव्हांही आम्हांसच सांगितलें होतें. संक्रांतीस त्यांची गोळी केव्हांच बंद झालेली होती, असें आम्ही म्हणूं लागलों, तों त्या म्हणाल्या, "या संक्रांतीस नव्हे. मागच्या वर्षीच्या." आम्हांस त्याची आठवण नाहीं. परंतु या बाबतींत आमची साक्ष काकूंच्या साक्षीपुढें टिकण्यासारखी नाहीं, म्हणून दुरुस्ती त्यांनीं सांगितली तशी येथें नमूद केली आहे.